कोनाड्यातले उलटे मासे

१

टिण्ण.

स्वयंपाकघराच्या फरशीवर काहीतरी धातूचं पडलं आणि घरातली दुपार दचकून जागी झाली. लॅपटॉप तसाच सोडून मी धावले. चिमी ओट्याखाली मांडी घालून बसली होती. पुढ्यात तिच्या बाबांची जहाजावरून परत आलेली हत्यारांची पिशवी उघडी, आणि फरशीवर गालिचे कापायचा चाकू.

"मी नाही पाडला," ती म्हणाली. "तो आपला आपण पडला."

आधी तिची बोटं पाहिली, दहाच्या दहा. मग चाकू उचलला आणि तिथेच बसून राहिले.

माझा नवरा गालिचे बसवायचा. मोठी प्रवासी जहाजं काही वर्षांनी गोदीत शिरतात. आतलं सगळं उपसून नवं करतात, तेव्हा त्याच्यासारखे कारागीर महिनोन्‌महिने जहाजाच्या पोटातच राहतात. अशाच एका जहाजावर, एका प्रवासी खोलीत, तो गेला. कंपनीने कळवलं की गालिचा चिकटवायचं सोल्यूशन जमिनीला लावता लावता त्याला झोप लागली. दार उघडंच होतं, पण सोल्यूशनच्या वाफेने तो झोपेतच संपला. निष्काळजीपणा त्याचा स्वतःचा.

ही गोष्ट फिरत फिरत शाळेपर्यंत गेली. एका पोराने चिमीला सांगितलं, "तुझे बाबा कामावर झोपले म्हणून मेले." त्या दिवसापासून माझी लेक दुपारची झोपत नाही. डोळे मिटायला लागले की स्वतःला चिमटे काढते. दंडावर बारीक लाल खुणा आहेत तिच्या.

चाकूच्या पात्याचं टोक मोडलं होतं. धार करवतीसारखी खरबरीत झाली होती आणि पात्याच्या खाचेत निळी लोकर कोंबून बसली होती. खोली संपली की पातं बदललंच पाहिजे, हा त्याचा दंडक. बोथट पात्याने काम करणाऱ्याला तो 'भाजीवाला' म्हणायचा. आणि निळी लोकर कुठून आली? मी घरबसल्या जहाजांच्या सहली विकते, त्या जहाजाच्या खोल्या मला तोंडपाठ आहेत. आत बिस्किटी रंगाचे गालिचे आहेत. निळा आहे तो फक्त बाहेरच्या बोळात, माशांच्या नक्षीचा.

ते मासे तर आमच्या घरातलेच झाले होते. तो फोनवर चिमीला सांगायचा, "आमचा मुकादम म्हणतो, डोकं चालवू नका, माशांची तोंडं गेटकडे ठेवा. आणि चिमे, गोदीचं गेट म्हणजे घराची बाजू. सगळे मासे घरी निघालेत." मी मागून म्हणायचे, "अरे, गेट नाही, जहाजाचं पुढचं टोक. प्रवासी वाट चुकू नयेत म्हणून असतात ते." तो म्हणायचा, "आत खिडक्याच नाहीत, बाई. आम्हाला काय कळतंय टोक नि शेपूट? आम्हाला गेट कळतं."

खोलीच्या आत झोपलेल्या माणसाच्या चाकूत बाहेरच्या गालिच्याची लोकर कशी येईल? झोपलेला माणूस पात्याचं टोक कसं मोडेल?

तो झोपला नव्हता. आणि हे ज्याला माहीत होतं, तो अजून कुठेतरी सुखाने झोपत होता.

२

येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगते की नव्याने सजवलेल्या जहाजाची पहिली सफर घेऊ नका. कामगार अजून खिळे ठोकत असतात, खोलीतले फोन लागत नाहीत, नळाला गंजाचं पाणी येतं. दुसरी-तिसरी फेरी पकडा. लिफ्टजवळची खोली नको, दिवसभर खडखडाट. पोहण्याच्या तलावाखालची तर नकोच, पहाटेपासून डोक्यावर खुर्च्या सरकतात. पोटात ढवळत असेल तर मधली, खालच्या मजल्यावरची घ्या. जाहिरातीतल्या फोटोवर भाळू नका. सगळ्यांत आधी जी खोली तयार होते तिचे ते फोटो असतात, तुमच्या नाही. आणि काय खरोखर नवं केलंय नि कशावर नुसता रंग फासलाय, ते आधी विचारा.

ह्या वेळी मी माझंच सगळं शहाणपण उलटं केलं. त्या जहाजाची पहिली सफर घेतली, कारण कामगार अजून त्यावर होते. न विकलेल्या खोल्या आम्हा एजंटांना अगदी स्वस्तात मिळतात, म्हणून जमलं. खोली मागितली ती लिफ्टजवळची.

ती शोधायलाही डोकं लागलं. कंपनीने कळवलेल्या नंबरची खोली आता जहाजावर नव्हतीच. नूतनीकरणात खोल्यांचे नंबर बदलतात. जुन्या प्रवाशांनी वाखाणलेला नंबर डोळे झाकून मागू नका, हेही मी सांगते ते त्यासाठीच. मी मजल्याचा जुना नकाशा नव्यावर ठेवून पाहिला आणि बोट ठेवलं. बोळातून आत सरकलेला एक कोनाडा, त्यात समोरासमोर दोन दारं. डावीकडची खोली त्याची.

मनात काय होतं ते लपवत नाही. न्याय वगैरे मोठे शब्द नव्हते. डूख होता. ज्याने माझ्या लेकीची झोप नेली त्याची झोप मला हवी होती.

जहाजावर पाय ठेवला आणि समोर मुकादम. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा चाकू धरायला शिकवणारा तोच, मृतदेह घेऊन घरी येणाराही तोच. आठवडाभर आमच्याकडे राहिला, माझ्या हातचं जेवला, सगळ्यांच्या देखत ढसाढसा रडला. त्याची ठमी आणि माझी चिमी एका बाकावर बसतात. ठमीला आई नाही. घरी आहे ती आत्याआजी, ठार बहिरी. मुकादम कामावर गेला की ठमी शाळेतून थेट आमच्याकडे येते आणि दोन्ही मुठींनी दार बडवते. सगळ्या जगाला बहिरं समजूनच वाढलीय बिचारी.

"वहिनी, तुम्ही? आणि कळवलं नाही?" त्याने चिमीला उचललं. "काय गं, किती जड झालीस. आईने दगड खायला घातले का?"

"ठमी कुठेय, काका?"

"घरी. तुमच्या दाराला कुलूप, म्हणून आत्याआजीने दाराशीच खुर्ची टाकलीय, दार उघडंच ठेवून. ऐकू येत नाही तर निदान दिसेल." मग माझ्या हातातलं किल्लीचं कार्ड पाहून त्याने आवाज खाली आणला. "वहिनी, ही खोली नको. लिफ्टचा खडखडाट आहे. मी खोल्यांच्या मॅडमना सांगून वरची देतो, समुद्र दिसेल पोरीला."

"राहू द्या, भाऊजी. आवाज असला की मला बरं वाटतं."

तो हसला. पण चिमीला खाली ठेवताना त्याचे हात जरा घाईत होते.

३

खोलीच्या दाराशी चिमी थबकली. बोळातून येताना ती माशांवर पाय न पडू देता, एका आड एक चौकोनावर उड्या मारत आली होती. गालिचा अखंड नव्हता, चौकोनी तुकडे एकमेकांना जोडून बसवलेले. कोनाड्याच्या तोंडाशी एक साधी काळी पट्टी होती, आणि पट्टीच्या आत पुन्हा मासे.

"आई, आपल्या दारातले मासे उलटे पोहतायत."

मी खाली पाहिलं. बोळभर सगळे मासे एका दिशेने, जहाजाच्या पुढच्या टोकाकडे. कोनाड्यातले तेवढे मागे, शेपटाकडे.

"हे घरी नाही चाललेत," चिमी म्हणाली. "हे हरवलेत."

दार उघडून मी तिला पलंगावर बसवलं आणि मोबाइलवर आमच्या संकेतस्थळावरचा बोळाचा फोटो उघडला. आजवर कितीजणांना दाखवला असेल. फोटोच्या कडेला हा कोनाडा अर्धवट दिसतो. त्यातले मासे सुलट होते, बोळातल्या माशांबरोबर. म्हणजे फोटोनंतर कुणीतरी इथले चौकोन उपटून नवे बसवले होते.

फोटोत आणखी एक गोष्ट होती. कोनाड्याच्या आत, कमरेच्या उंचीवर, एक पिवळी रेघ आडवी गेली होती. मला आजवर वाटायचं, एखादा कठडा असेल. आता मी तिथे उभी होते आणि कठडा नव्हता. रेघ जिथून जिथे गेली होती तिथे फक्त दोन गोष्टी होत्या. आमच्या दाराची मूठ, आणि समोरच्या दाराची.

दोन्ही दारं आतल्या बाजूला उघडतात. दोन मुठी एकमेकींना बांधल्या, तर आतला माणूस जन्मभर ओढत बसेल.

४

फोटो काढणारा साहेब जहाजावरच होता. जाहिरात विभागाचा, बडबड्या, अंगावर सदा इस्त्रीचा वास. एजंट म्हटल्यावर त्याने स्वतःच कॉफी मागवली.

"हा फोटो का? अहो, ह्याच्यासाठी काय जिवाचा आटापिटा. सगळीकडे सोल्यूशनचा वास, दारांना कड्या बसायच्या होत्या, वाऱ्याने सगळी दारं आपोआप उघडायची, आत डबे नि पसारा. मी म्हटलं, वास नको, पसारा नको, माणूस दिसायला नको. पाच मिनिटांत सगळं चिडीचूप."

"वास कसा घालवला?"

"हवेचे पंखे बंद केले. खोल्यांतला वास खोल्यांतच."

त्याने हे बिस्किट बुडवत सांगितलं. त्याच्या कॉफीत मी काय मिसळलं असतं, ते इथे लिहीत नाही.

"आणि ही पिवळी रेघ?"

त्याने फोटो मोठा करून पाहिला. "अरेच्चा. पुसायला हवी होती." मग न विचारताच पुढचे फोटो दाखवू लागला. "हे बघा, माझा लाडका. जहाज गोदीतून काढून धक्क्याला लावलं तेव्हाचा. जागच्या जागी फिरवलं होतं अख्खं. मी क्रेनवर चढलो होतो ह्यासाठी."

"हे कधी?"

"तो अपघात झाला ना एका कामगाराचा, त्यानंतरच्याच आठवड्यात." त्याने फोटो पुढे सरकवला. "झोपला होता म्हणे."

मी कप खाली ठेवला.

खोल्यांची देखरेख करणाऱ्या मॅडम चादरींच्या कोठीत भेटल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं तुटक. मी कोण ते सांगितलं तेव्हा त्या चादरीची घडी घालत राहिल्या. एकदा घातली, मोडली, पुन्हा घातली.

"त्या दिवशी मी लिफ्टमधून बाहेर आले," शेवटी त्या म्हणाल्या. "कुठूनतरी टकटक येत होती. मी विचारलं, हे काय? कुणीतरी म्हणालं, 'ठोकाठोकी चालू आहे, दुसरं काही नाही.' मी निघून गेले."

"कोण म्हणालं?"

"पुरुषाचा आवाज. सगळ्यांच्या तोंडाला फडकी होती. फोटोसाठी तिथे दोघंच थांबले होते, साहेब आणि तुमचा मुकादम." घडी पुन्हा मोडली. "मी नंतर बोलले नाही. नवी होते मी. तुम्ही शिव्या दिल्यात तरी ऐकून घेईन."

शिव्या जवळ होत्या, पण त्यांच्यासाठी खर्च करायच्या नव्हत्या. मी माशांचं विचारलं.

"उलटे? कालपर्यंत कुणाला दिसणार? सगळ्या बोळात पुठ्ठे पसरलेले होते, गालिचा मळू नये म्हणून. प्रवासी यायच्या दिवशी सकाळी उचलले. मुकादम त्या सकाळी आल्या आल्या म्हणाला होता, त्या कोनाड्यात थोडं काम आहे, ती खोली कुणाला देऊ नका. पण तुमचं आरक्षण आधीच झालं होतं."

५

खोलीत येऊन मी दाराशी पालथी पडले. चिमीला वाटलं खेळ आहे, तीही शेजारी पालथी पडली. आम्ही दोघी माशांच्या पातळीवर.

आधी मला साहेबच दिसत होता. कसलेला कारागीर मासे उलटे बसवील? कधीच नाही. हे काम न जाणणाऱ्याचं आहे. शांतता साहेबाला हवी होती, पंखे त्याच्यामुळे बंद झाले. मनातल्या मनात माझं त्याला फासावर चढवूनही झालं होतं.

मग आठवलं. माशांची तोंडं गेटकडे.

गोदीत जहाजाचं पुढचं टोक गेटच्या बाजूला होतं, म्हणून गेटकडे तोंड केलेले मासे बरोबर होते. मग जहाज फिरवलं. आता गेट शेपटाकडे आलं. फिरवल्यानंतर कुणी जुन्या सवयीने, पुठ्ठ्यांमुळे बाकीचे मासे दिसत नसताना, त्या बिनखिडकीच्या बोळात बसून तोंडं गेटकडे केली असतील, तर ती उलटीच पडणार. तेव्हा हे काम अडाण्याचं नव्हतं. ज्याच्या हाडात गेट मुरलंय त्याचं होतं. आणि जहाज फिरल्याचं ज्याला ठाऊक नव्हतं, त्याचं.

साहेबाने तर क्रेनवरून फोटो काढले होते. मॅडम जहाजावर राहत होत्या. बाकीचे कामगार गोदीतच होते. त्या आठवड्यात जहाजावर नव्हता असा एकच माणूस होता.

तो माझ्या घरी बसून रडत होता.

डोळ्यांपुढे त्याचं ताट आलं. मी वाढत होते, तो 'पुरे, पुरे' म्हणत होता. मला वाटलं होतं, दुःखाने घास उतरत नाहीये.

"आई, इथे काहीतरी चमकतंय," चिमी म्हणाली. उंबऱ्यावरच्या धातूच्या पट्टीखाली तिची नजर अडकली होती. मी तिच्या केसांतला चाप काढून फटीत घातला आणि हळूच ओढलं.

पात्याचं टोक होतं. तिरकं मोडलेलं. घरी डब्यात ठेवलेल्या पात्याचा फोटो मोबाइलमध्ये होता, शेजारी धरून पाहिला. दोन तुकडे एकमेकांना ओळखतात तसं ते दिसलं.

दार बांधलेलं. पंखे बंद. वाफ चढतेय. त्याने दाराखालून चाकू घालून बाहेरचा गालिचा कापला होता, तेवढ्या फटीतून हवा मिळावी म्हणून. पात्याचं टोक जाईपर्यंत कापत होता. कापलेले चौकोन मुकादमाने आधी पुठ्ठ्याखाली झाकले असणार, आणि माझ्या घरून परत गेल्यावर बदलले. ते तसेच राहिले असते तर 'झोपला होता' कुणी मानलं नसतं.

मी चिमीला मुलांच्या खेळघरात सोडलं. मग मॅडमना गाठून सांगितलं की थोड्या वेळाने सुरक्षा अधिकाऱ्याला घेऊन कोनाड्याजवळ या. आणि कोनाड्यातला गालिचा सुटलाय म्हणून मुकादमाला निरोप पाठवला.

६

तो लगेच आला. ढकलगाडीवर नवे चौकोन, सोल्यूशनचा डबा, आणि गालिच्यांच्या गुंडाळ्या बांधायचे पट्टे. पट्टे पिवळे होते.

"बरं झालं सांगितलंत, वहिनी. उंबऱ्यापासूनच घेतो. आतून बसावं लागेल."

"बसा ना, भाऊजी."

डबा घेऊन तो आत गेला, झाकण काढलं, दाराकडे पाठ करून गुडघ्यांवर टेकला. मी बाहेर आले आणि दार ओढलं. समोरची खोली काम अर्धवट म्हणून बंद होती, तिच्या मुठीतून पट्टा घालून ह्या मुठीत आणला आणि पट्ट्याची कडी खेचली. इतकं सोपं होतं. कुठलीही आई दप्तराचा पट्टा आवळते तसं.

"वहिनी? दार लागलं वाटतं."

मी पट्टा आणखी आवळला.

मूठ खाली झाली, दार जरासं हललं, पट्टा ताणला. "वहिनी, चेष्टा पुरे. इथे वास होतोय." मग टकटक. आधी एका बोटाने, मग मुठीने. खोलीतला फोन चालत नव्हता. पहिल्या सफरीला कधीच चालत नाही.

लिफ्टमधून साहेब उतरला. "हे काय चाललंय?"

"ठोकाठोकी चालू आहे," मी म्हणाले. "दुसरं काही नाही."

साहेब दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. हळूहळू वळला. त्याच्या चेहऱ्यावरची इस्त्री मोडली होती. "हे... हे त्या दिवशी मुकादम म्हणाला होता. मी विचारलं होतं, हा आवाज कसला. अगदी हेच म्हणाला होता."

"मलाही," मागून मॅडमचा आवाज आला. शेजारी सुरक्षा अधिकारी होता. त्याने पट्ट्याकडे हात नेला. मी आडवी उभी राहिले.

"आधी त्याला बोलू दे," मी म्हणाले, आणि दाराला तोंड लावलं. "भाऊजी, मासे गेटकडे बसवलेत तुम्ही. पण जहाज फिरलं होतं. तुम्ही तेव्हा माझ्या घरी जेवत होतात. ह्या दाराखालून त्याच्या पात्याचं टोक निघालंय. आता सांगा, तो झोपला होता का?"

आतलं ठोकणं थांबलं. सोल्यूशनचा उग्र गोडसर वास दाराखालून येऊ लागला होता.

"दार उघडा, मग सांगतो."

"त्यालाही असंच वाटलं असेल. दार उघडलं की बोलू."

मग आवाज आला तो खालून, दाराशी बसलेल्या माणसाचा. "दारं वाऱ्याने उघडत होती. साहेबांना पसारा दिसायला नको होता. त्याला म्हटलं, फोटो होईपर्यंत आत थांब, आणि बांधलं. मग तो ठोकायला लागला. मला वाटलं, चिडलाय. अजून एकच फोटो, अजून एकच. मग साहेबांनी चहा मागवला. पुढच्या जहाजाचं काम कुणाला द्यायचं ते चहावर ठरणार होतं. मी म्हटलं, चहा संपला की सोडतो."

"ऐकू येत होतं तुम्हाला?"

"येत होतं." मग, अगदी हळू, "चहा संपायच्या आधी थांबलं. मला वाटलं, शांत झाला."

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. साहेब भिंतीला टेकला होता.

मी पट्ट्यावर हात ठेवून उभी होते. आत पुन्हा ठोकणं सुरू झालं, आता घाबरलेलं, दोन्ही मुठींचं. मला हेच हवं होतं. प्रत्येक ठोक्याबरोबर माझ्या छातीत काहीतरी थंड होत जात होतं. एवढंच वाटत होतं, अजून थोडं. अजून एकच.

हे शब्द त्याचे आहेत हे कळलं, तरीही माझा हात हलला नाही.

"बाई, सरका," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली आणि पट्ट्याची कडी उघडली. दार त्यांनी उघडलं. मी नाही.

७

पुढच्या बंदराला लागलो तेव्हा सकाळ होती. धक्क्यावर पोलिसांची गाडी उभी होती. पात्याचं टोक, काढलेले चौकोन आणि खालच्या जमिनीवर उमटलेले चाकूचे ओरखडे कालच सुरक्षा अधिकाऱ्याने ताब्यात घेतले होते. साहेब आणि मॅडम दोघांनीही जबाब द्यायचं कबूल केलं. कंपनीच्या माणसाने, माझ्याकडे न बघता, 'झोप लागली' हे वाक्य मागे घेत असल्याचं सांगितलं.

मी चिमीला मांडीवर घेऊन आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं. "बाबा झोपले नव्हते. जागे होते. दार उघडायचा प्रयत्न करत होते, आपल्याकडे यायला." तिने माझा हात घट्ट धरला. मग माझ्या कुशीत शिरली आणि चिमटा न काढता झोपली. मी तिच्या दंडावरच्या खुणांवर नुसती बोटं फिरवत बसले.

आता आम्ही कठड्याशी उभ्या होतो. खाली शिडीवरून मुकादम उतरत होता, दोन्ही बाजूंना पोलीस. त्याने एकदा वर पाहिलं. मी नजर हटवली नाही. मला वाटलं होतं, ह्या क्षणी पोटात काहीतरी निवेल. निवलं, खोटं कशाला बोलू. त्या बारक्या होत जाणाऱ्या पाठीकडे मी तहान लागल्यासारखी पाहत होते.

"काकांनी दार बांधलं होतं?" चिमीने विचारलं.

"हो."

"म्हणून त्यांना नेतायत?"

"हो."

"खूप दिवस?"

"खूप दिवस."

गाडीचं दार लागलं. आवाज वर आमच्यापर्यंत आला. चिमी कठड्याच्या गजांना धरून उभी होती, कपाळावर आठ्या, गणित सोडवताना पडतात तशा.

"पण मग ठमी शाळेतून येईल ना," ती म्हणाली. "आत्याआजीला तर ऐकूच येत नाही. ठमी आपल्याकडेच येणार." तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आई, तिने दार वाजवलं तर तू उघडशील ना?"